छोटे पेट्रोल इंजिन : खरेदीनंतरचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

शेतीच्या यांत्रिकीकरणावर प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एक आकडा हमखास आढळतो. देशातील शेतीला उपलब्ध असलेली शक्ती २०१६-१७ मध्ये दर हेक्टरी २.०२ किलोवॅट होती आणि २०३० अखेर ती ४ किलोवॅटपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट आहे, हा तो आकडा. आकडा उपयुक्त आहे, परंतु तो शक्तीची बेरीज सांगतो; त्यातील किती यंत्रे आज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झाली, हे सांगत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडलेला फवारणी पंप, कार्ब्युरेटर तुंबलेला जनरेटर, पिस्टन अडकलेले गवत कापणीचे यंत्र ही सारी भांडवली गुंतवणूकच आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिची नोंद खरेदीच्या वर्षी झालेली असते. त्यानंतर तिचे काय झाले, याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय वरकरणी मेकॅनिकच्या कक्षेतील वाटेल. एक ते दहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन सुरक्षितपणे कसे चालवावे आणि कसे राखावे, हा तो विषय. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण असे की, या छोट्या यंत्राभोवती भांडवल, घसारा, अनुदान, बाह्य परिणाम आणि माहितीची विषमता या साऱ्या संकल्पना एकत्र आलेल्या दिसतात. शिवाय एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. सुरक्षितता आणि देखभाल हे दोन वेगळे विषय मानले जातात. पुस्तिकेतही त्यांची प्रकरणे वेगळी असतात. वस्तुतः ज्या इंजिनाची देखभाल होत नाही तेच इंजिन बहुधा घातक ठरते. आणि देखभाल होत नाही, याचे कारण चालकाचे अज्ञान जितके आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, खर्च एकाने करावयाचा व लाभ दुसऱ्यास मिळावयाचा ही व्यवस्था आहे.

यंत्राच्या आत

चार फेऱ्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक, इंजिन १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओट्टो यांनी यशस्वी करून दाखविले. हवा व इंधन आत घेणे, ते दाबणे, ठिणगीने पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे, या चार क्रिया आजही त्याच क्रमाने होतात. टू-स्ट्रोक इंजिनात हेच काम दोन फेऱ्यांत उरकले जाते. ते वजनाने हलके आणि रचनेने सोपे असल्यामुळे पाठीवरच्या फवारणी यंत्रात, झाडे कापण्याच्या करवतीत किंवा चहाच्या मळ्यांतील छाटणी यंत्रात त्याला पसंती मिळाली. त्याची किंमत मात्र धुराच्या रूपाने मोजावी लागते, कारण ताजे मिश्रण आत येत असतानाच त्याचा काही भाग न जळता बाहेर निसटतो.

दोन आकडे लक्षात ठेवले तर पुढील सारी चर्चा सोपी होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. छोटे इंजिन तिच्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा उपयोगात आणते. उरलेली उष्णता सिलिंडरच्या पंखांतून व सायलेन्सरमधून निघून जाते. जनरेटरमधील आणखी थोडी घट धरली तर एका लिटरमागे दीड युनिटच्या आसपास वीज हाती येते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास केवळ इंधनापोटी एका युनिटला ६५ रुपयांहून अधिक पडतात. लग्नमंडपातला किंवा दुकानाच्या दारातला जनरेटर ही देशातील सर्वांत महाग विजेपैकी एक वीज निर्माण करीत असतो.

दुसरा आकडा हवेचा. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे पंधरापट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळताना इंजिन साधारण ९ घनमीटर हवा ओढून घेते. ही हवा मळणीच्या खळ्यावरची असेल तर तिच्यासोबत भुसा येतो, कोरड्या रानातली असेल तर बारीक माती. मातीतील सिलिकाचे कण सिलिंडरच्या भिंतीवर काचकागदाचे काम करतात आणि तेथून वंगणात उतरून सर्व फिरत्या भागांना घासतात. या सर्वांना अडविण्यासाठी इंजिनात तळहाताएवढा फोमचा किंवा कागदाचा एक एअर फिल्टर असतो. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवावयाचा, पिळून पूर्ण वाळवायचा, इंजिन ऑइलचे थेंब टाकून पुन्हा पिळायचा आणि बसवायचा. दहा मिनिटांचे काम. धुळीच्या कामात ते रोज करावे लागते. कागदाचा फिल्टर हलकेच झटकावयाचा किंवा बदलावयाचा असतो. तो धुतला की निकामी होतो.

फिल्टर तुंबला की चालकांपुढे दोन वाटा असतात. काही जण तो काढून टाकून तसेच इंजिन चालवितात. इंजिनाला जोर येतो आणि त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. इतर जण तुंबलेल्या फिल्टरनिशी काम रेटतात. त्या स्थितीत कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवा कमी आणि इंधन अधिक असे मिश्रण तयार होते, इंधनाचा खप वाढतो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते. देखभालीतील हयगय येथे थेट माणसाच्या जिवापर्यंत पोहोचते.

विहिरीतील इंजिन

दख्खनच्या काळ्या कातळाचा प्रदेश, माळवा, सौराष्ट्र, कर्नाटक आणि कोइमतूरचा परिसर येथील सिंचन पिढ्यान्‌पिढ्या खोदलेल्या विहिरींवर उभे आहे. या विहिरींचा गाळ काढताना किंवा त्या अधिक खोल करताना आधी साचलेले पाणी उपसावे लागते. वीज नसेल तर त्यासाठी पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणारा छोटा पंपसंच आणला जातो. येथे भौतिकशास्त्राचा एक नियम आडवा येतो. पंप पाणी ‘ओढतो’ असे बोलण्याची पद्धत असली तरी प्रत्यक्षात वातावरणाचा दाब ते वर ढकलत असतो. हा दाब सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १०.३ मीटरपर्यंतच पाणी चढवू शकतो. घर्षण आणि गळती धरता साधा पंप ७ मीटरच्या खालचे पाणी नीट उचलत नाही. पाणी त्याहून खोल गेले की एकच सोपा उपाय सुचतो, तो म्हणजे पंपासकट इंजिन दोरांनी विहिरीत उतरविणे. भूजलाची पातळी जितकी खाली जाते तितके इंजिन खाली जाते, आणि त्याच्या पाठोपाठ माणूस.

याचा परिणाम साध्या गणिताने कळतो. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याच्या वर ८ मीटर रिकामी जागा असेल तर तेथे सुमारे १५७ घनमीटर हवा असते. छोट्या कार्ब्युरेटर इंजिनाच्या धुरात ४ टक्के कार्बन मोनॉक्साइड असणे मुळीच असाधारण नाही. एक लिटर पेट्रोलच्या धुरात त्या हिशेबाने हा वायू साधारण ०.३८ घनमीटर निघतो. बाहेरची हवा फारशी आत आली नाही तर विहिरीतील त्याचे प्रमाण ०.२४ टक्के होते. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी ०.१२ टक्के आहे. म्हणजे एकाच लिटरने ती दुपटीने ओलांडली जाते, आणि असे इंजिन एका लिटरवर थांबत नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, पायांतील बळ जाणे ही लक्षणे उन्हाचा किंवा श्रमाचा त्रास म्हणून सोडून दिली जातात. आणि जेव्हा संशय येतो तेव्हा शिडी चढण्याची ताकद उरलेली नसते. विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. प्राणवायू अगदीच कमी असेल तर कंदील विझतो, म्हणून ती रीत रूढ झाली. परंतु माणूस दगावेल इतका कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेतही कंदील शांतपणे जळत राहतो. त्यात विहिरीत पेट्रोल सांडलेले असेल तर तोच कंदील स्फोटाचे कारण होऊ शकतो. एका धोक्यासाठी योग्य असलेले पारंपरिक ज्ञान दुसऱ्या धोक्यासाठी कसे फसवे ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अशा दुर्घटनांत बळींची संख्या एकावर क्वचितच थांबते. पहिला माणूस कोसळलेला पाहून दुसरा त्याला काढण्यासाठी उतरतो, मग तिसरा. बहुधा हे एकाच घरातले असतात. म्हणून नियम कठोर आहे. इंजिन विहिरीत, खड्ड्यात, तळघरात किंवा शटर ओढलेल्या दुकानात कधीही चालवावयाचे नाही. पाणी खोल असेल तर जनरेटर जमिनीवर, विहिरीच्या काठापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवून बुडीत विद्युतपंप खाली सोडावयाचा. आत माणूस असेल तर त्याच्या कमरेला दोर आणि वर तो धरणारी दोन माणसे असली पाहिजेत. कोणी बेशुद्ध झाले तर श्वसनयंत्राशिवाय कोणीही खाली उतरू नये. दोर असेल तर वरूनच ओढावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागवावी.

हे सर्व माहीत असूनही इंजिन खाली का सोडले जाते? विहीर खोदण्याचा मोबदला बहुधा खोलीवर ठरतो, दिवसांवर नव्हे. बुडीत पंप आणि पुरेसा जनरेटर यांचे भाडे साध्या पंपसंचाच्या भाड्याहून जास्त असते. ते वाचविले तर बचत ठेकेदाराच्या किंवा विहीरमालकाच्या पदरी पडते. धोका मात्र खाली उतरणाऱ्या मजुराच्या वाट्याला येतो. मजुरीच्या दरात या धोक्याची किंमत धरलेली असते, असे पाठ्यपुस्तक सांगते. ज्या धोक्याला वास नाही, त्याची किंमत कोणी मागावी?

इंधन, कायदा आणि वायरमन

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाऊ शकते. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस आहे. याचा अर्थ, आपल्या हवामानात ते सदैव पेट घेण्याच्या तयारीत असते. रॉकेलचे तसे नाही. त्याचा प्रज्वलनांक ३५ अंश किंवा अधिक असावा लागतो. स्टोव्हची सवय झालेला माणूस पेट्रोलशी त्याच मोकळेपणाने वागतो आणि भाजतो. बहुसंख्य छोट्या इंजिनांत टाकी गरम सिलिंडरच्या अगदी वर बसविलेली असते. म्हणून इंजिन बंद करून ते निवेपर्यंत थांबणे, मोकळ्या हवेत नरसाळ्याने इंधन भरणे, टाकी काठोकाठ न भरणे आणि सांडलेले पुसून वाफ उडाल्यावरच दोरी ओढणे, हा क्रम मोडू नये. कामाच्या घाईत न निवता इंधन भरणे ही या यंत्राशी होणारी सर्वांत सामान्य चूक आहे.

परीक्षेच्या दृष्टीने येथे एक कायदा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार २३ अंशांखाली प्रज्वलनांक असलेले इंधन ‘अ’ वर्गात मोडते. विक्रीसाठी नसलेले असे इंधन एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याविना जवळ बाळगता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवे, आणि ते भांडे काचेचे किंवा चिनीमातीचे असल्यास १ लिटरपेक्षा, धातूचे असल्यास २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. शीतपेयाची रिकामी प्लास्टिक बाटली या यादीत कोठेच बसत नाही. तरीही खेड्यापाड्यांत पेट्रोलचा प्रवास प्रामुख्याने तिच्यातूनच होतो. मुलांच्या हाती लागणारी, पाण्याच्या बाटलीसारखीच दिसणारी ही बाटली घरात आणण्यापेक्षा पत्र्याचा एक चांगला डबा घेणे केव्हाही स्वस्त पडते.

जनरेटरच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, आणि तो मालकाच्या घराबाहेर मरण पोहोचवितो. पुरवठा खंडित झाल्यावर काही जण जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खोचतात. चेंजओव्हर स्विच नसेल तर ही वीज घराबाहेरच्या तारांत उलटी जाते आणि रोहित्रात तिचा दाब अनेक पटींनी वाढतो. ‘लाइन बंद आहे’ असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्या तारेला हात लावतो. बाह्य परिणामाची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना कारखान्याच्या धुराचेच उदाहरण नेहमी दिले जाते. हे उदाहरण अधिक स्पष्ट आहे, कारण येथे स्विचचा खर्च मालकाचा आणि जीव तिऱ्हाइताचा.

फिरते पट्टे आणि पाती यांविषयी थोडक्यात एवढेच. शेतीतील मळणी यंत्रांवर हात-पाय गमावणाऱ्यांची संख्या वाढल्यावर संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. छोट्या इंजिनाला जोडलेल्या पट्ट्याला जाळी हवी, पदर किंवा उपरणे सैल नको आणि पात्यात अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढलेली असावी. टोपी जागेवर असेल तर हाताने पाते फिरवितानाही ठिणगी पडून इंजिन उसळी घेऊ शकते.

वंगण, हंगाम आणि साठवण

छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण अर्धा-पाऊण लिटर ऑइल मावते. मोटारीसारखा ऑइल पंप किंवा ऑइल फिल्टर त्यात बहुधा नसतो. फिरत्या दांड्याला असलेला एक छोटा पळा तळातील ऑइल उडवीत राहतो आणि त्या तुषारांवर सगळे चालते. म्हणून पातळी थोडी उतरली तरी अनर्थ होतो. उत्तराखंड किंवा हिमाचल प्रदेशातील पायऱ्यांच्या शेतात पॉवर वीडर उतारावर फार वेळ तिरका चालविला तर ऑइल एका बाजूला जाते आणि पळा कोरडा फिरतो. रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन बंद असताना डिपस्टिक पाहणे हा एक नियम पाळला तरी निम्मी भांडणे मिटतात. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे ५० ते १०० तासांनी, उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार, बदलावे. पहिल्या ऑइलमध्ये नव्या भागांच्या घर्षणातून निघालेला धातूचा चुरा असतो, म्हणून ही घाई. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असते. प्रमाण १:५० सांगितले असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, १:२५ असेल तर ४०. हे अंदाजाने बाटलीच्या झाकणाने मोजले जाते आणि पिस्टन अडकतो.

फवारणी यंत्र वर्षाकाठी काही आठवडेच चालते. ते झिजून मरत नाही, पडून मरते. टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो व बारीक छिद्रे बुजतात. या जुन्या समस्येला नवी जोड मिळाली आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ साली गाठले गेले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. परकीय चलनाची बचत आणि उसाला व धान्याला मिळालेली बाजारपेठ हे या धोरणाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि, इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि कार्ब्युरेटरला इंधन तळातूनच मिळते. जुन्या इंजिनांतील काही रबरी नळ्या व वायसर त्यामुळे फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे २० टक्के मिश्रणात ती ६-७ टक्क्यांनी घटते. मोटारींबाबत या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली. पाठीवरच्या फवारणी यंत्राची झाली नाही. हंगाम संपताच टाकी रिकामी करणे, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करणे आणि प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून दोरी हळू ओढणे एवढे केले तर पुढील हंगामात यंत्र तक्रार करीत नाही.

केरळच्या किनाऱ्यावर हा विषय वेगळ्याच रूपात भेटतो. १९८० च्या दशकात तेथील पारंपरिक होड्यांना बाहेरून जोडावयाची इंजिने मोठ्या प्रमाणावर आली. २०१० च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेत देशात अशा मोटारजोड होड्या सुमारे ७१ हजार, तर एकट्या केरळात ११ हजारांहून अधिक आढळल्या. यांपैकी पुष्कळ इंजिने पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवली जात, कारण अनुदानित रॉकेल स्वस्त होते. २०२० मध्ये सार्वजनिक वितरणातील रॉकेलवरचे केंद्राचे अनुदान शून्यावर आले आणि मच्छीमारांच्या खर्चाचे गणितच बदलले. रॉकेल त्यासाठी बनविलेल्या कमी दाबाच्या इंजिनात चालते. साध्या पेट्रोल इंजिनात ते ठोके देते, प्लगवर काजळी धरते आणि न जळलेला भाग खाली उतरून ऑइल पातळ करतो. दोन इंधनांच्या किमतीत मोठी तफावत ठेवली की भेसळ होणारच, आणि तिचा भुर्दंड इंजिन सोसते. समुद्रावरून परतल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन काही मिनिटे चालवून आतील मीठ धुणे ही तेथील देखभालीची पहिली पायरी. ती चुकली आणि इंजिन किनाऱ्यापासून काही मैलांवर बंद पडले, तर बिघाड दुरुस्तीचा राहत नाही, जिवाचा होतो.

आठ रुपये आणि तेवीस रुपये

आता मूळ प्रश्न. देखभाल इतकी स्वस्त असताना होत का नाही? एक कल्पित हिशेब मांडता येईल. इंजिनाची किंमत २०,००० रुपये धरावी. निगा राखली तर ते १,००० तास चालते, न राखल्यास ४०० तासांत निकामी होते, असे समजावे. निगा न राखता दर तासाला घसारा ५० रुपये. निगा राखल्यास घसारा २० रुपये आणि ऑइल, फिल्टर, प्लग यांचा खर्च तासाला ७ रुपये, एकूण २७. म्हणजे निगेचा निव्वळ लाभ तासाला २३ रुपये.

आता याच इंजिनावर ५० टक्के अनुदान मिळाले असे मानावे. मालकाच्या खिशातून १०,००० रुपये गेले. निगा न राखता घसारा २५ रुपये. राखल्यास १० अधिक ७, म्हणजे १७. लाभ ८ रुपयांवर आला. अनुदानाने यंत्र स्वस्त केले, ऑइल स्वस्त केले नाही. त्यामुळे सांभाळण्याचे आकर्षण जवळपास एक तृतीयांश उरले. अनुदान पुन्हा लगेच मिळत नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. परंतु मग यंत्र बदलले जात नाही, पडून राहते. आणि यंत्र चालविणारा जर रोजंदारीवरचा असेल, तर त्याच्या दृष्टीने हा लाभ ८ रुपये नाही व २३ रुपयेही नाही. तो शून्य आहे. फिल्टर धुण्याची दहा मिनिटे मात्र त्याची जातात.

केंद्र पुरस्कृत कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि २०२२-२३ पासून ते राष्ट्रीय कृषी विकास योजनेत समाविष्ट झाले. त्यातील वैयक्तिक खरेदीचे अनुदान साधारणतः ४० ते ५० टक्के असते. अल्पभूधारकाने यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यावे म्हणून भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांनाही त्यात साह्य आहे, आणि ही दिशा योग्य आहे. तथापि, भाड्याच्या यंत्रात मालक, चालक व शेतकरी असे तीन पक्ष होतात आणि निगेचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक गुंतागुंतीचा होतो. भाडे दिवसावर ठरले तर शेतकरी त्या दिवसात इंजिन जास्तीत जास्त ताणतो. तेच इंजिनाच्या तासावर ठरले तर ताण कमी होतो आणि ऑइल केव्हा बदलावयाचे याची नोंदही आपोआप राहते.

या दुर्लक्षाची मुळे सार्वजनिक खर्चाच्या विचारपद्धतीत आहेत, हेही सांगितले पाहिजे. दीर्घकाळ आपल्या अर्थसंकल्पात योजना खर्च आणि योजनेतर खर्च अशी विभागणी होती. नवे उभारणे योजनेत; उभारलेले सांभाळणे बहुतांशी योजनेतर. पहिल्याला विकास म्हटले गेले, दुसरा खर्च कपातीच्या यादीत पहिला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये ही विभागणी रद्द करण्याची शिफारस केली आणि २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून ती रद्द झाली. कागदावरची विभागणी गेली तरी मनातली जावयास वेळ लागतो. याला एक चांगला अपवाद आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांच्या नेहमीच्या देखभालीची जबाबदारी करारातच टाकलेली असते. रस्त्यांना लागू पडणारे हे तत्त्व यंत्रांना लागू का पडू नये? अनुदानाचा छोटासा हिस्सा खरेदीच्या दिवशी न देता, पहिल्या वर्षातील दोन सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर दिला, तर त्यासाठी नवा पैसा लागत नाही.

प्रशिक्षणाची सोय देशात अजिबात नाही असे नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. हरियाणात हिसार, आंध्र प्रदेशात गार्लादिन्ने आणि आसामात बिश्वनाथ चारिआली येथेही अशा संस्था आहेत. परंतु चार संस्था एवढ्या मोठ्या देशाला किती पुरणार? गावातला दुचाकीचा मेकॅनिक हाच या इंजिनांचा खरा डॉक्टर आहे आणि त्याच्यापर्यंत या संस्थांचे ज्ञान पोहोचण्याची व्यवस्था अद्याप क्षीण आहे. पुस्तिका अनेकदा केवळ इंग्रजीत असते. बॅटरीवरचे फवारणी यंत्र आणि २०१९ पासून पीएम-कुसुम योजनेतून मिळणारे सौर पंप यांमुळे काही कामांतून पेट्रोल इंजिन मागे हटू लागले आहे, ही स्वागतार्ह बाब आहे. जेथे ते राहणार आहे तेथे मात्र अवजार केंद्राच्या भाडेवहीत ‘तारीख’ आणि ‘रक्कम’ या दोन रकान्यांशेजारी ‘इंजिनाचे तास’ असा तिसरा रकाना आखता येईल. इंजिनावर बसविण्याच्या तासमापकाची किंमत काही शे रुपयांच्या घरात असते, आणि सरकारी खरेदीच्या तांत्रिक अटींत त्याचा समावेश करण्यासाठी एका ओळीची दुरुस्ती पुरते.